‘मेंदूमृत’ या शब्दाचा गुंता

हृदय मेंदूच्या हुकमाची वाट पाहत नाही. त्याच्या उजव्या कर्णिकेतला, म्हणजे वरच्या कप्प्यातला, पेशींचा एक लहानसा पुंजका स्वतःच विद्युतस्पंद निर्माण करतो. म्हणून तर मज्जातंतू तोडून दुसऱ्याच्या छातीत बसवलेलं हृदयही धडधडतं. श्वासाचं तसं नाही. त्याची सूत्रं मेंदूच्या देठाकडे, म्हणजे मस्तिष्कस्तंभाकडे असतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की तिथून श्वासपटलाला आज्ञा सुटते. मृत्यूच्या व्याख्येवरचा वाद याच फरकातून उभा राहिला.

पूर्वी या फरकाने काही बिघडत नव्हतं. मस्तिष्कस्तंभ निकामी झाला की श्वास थांबायचा आणि काही मिनिटांत प्राणवायूअभावी हृदयही. हृदय आधी थांबलं तर मेंदू मागोमाग जायचा. नाडी पाहिली की काम भागे. १८१६ साली आलेल्या स्टेथोस्कोपने खात्री वाढवली, व्याख्येला हात लावला नाही.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनळीत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने पिशव्या दाबत हवा भरत राहिले. अनेक जण वाचले. आजच्या अतिदक्षता विभागांची सुरुवात इथूनच धरतात. पण हाताची जागा यंत्राने घेतल्यावर ज्याचा मेंदू कायमचा संपला आहे, त्याचीही छाती वर-खाली होत राहिली, हृदय चालू राहिलं. पॅरिसमधल्या दोन डॉक्टरांनी १९५९ मध्ये अशा २३ रुग्णांचं वर्णन करून या अवस्थेला ‘कोमाच्या पलीकडची’ म्हटलं. मृत्यू मात्र म्हटलं नाही.

तो शब्द उच्चारला १९६८ साली, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या समितीने. डॉक्टरांबरोबर त्यात कायदा, इतिहास आणि धर्मशास्त्र यांचे जाणकार होते. अहवालाच्या शीर्षकात शब्द होता ‘परत न फिरणारा कोमा’, आणि आत म्हटलं होतं की हा मृत्यूचा नवा निकष मानावा. कोमातला माणूस जिवंत असतो, हे कोणीही सांगेल. एकाच कागदावर त्याच अवस्थेला कोमाही म्हटलं आणि मृत्यूही. आजही ‘मेंदूमृत रुग्णाचा व्हेंटिलेटर काढल्यावर मृत्यू झाला’ अशी वाक्यं बातम्यांत सर्रास येतात. त्यात माणूस दोनदा मरतो. त्याचं मूळ, माझ्या मते, या शीर्षकात आहे.

दुसरी चूक कारणं सांगताना झाली. समितीने दोन कारणं दिली: कुटुंबं आणि रुग्णालयांवर पडणारा भार, आणि जुन्या निकषामुळे प्रत्यारोपणासाठी अवयव मिळवताना होऊ शकणारा वाद. केपटाउनमधलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण जेमतेम आठ महिन्यांपूर्वी झालं होतं. अवयव हवेत म्हणून व्याख्या बदलली, हा संशय तेव्हापासून चिकटला तो चिकटलाच. वैद्यकीय निकष एका बाजूला आणि अवयवांची गरज दुसऱ्या बाजूला ठेवली असती, तर बरंच टळलं असतं. जपानमध्ये १९६८ सालच्याच एका हृदय प्रत्यारोपणावरून संशयाचं वादळ उठलं आणि मेंदूमृत दात्याचे अवयव घेण्याला परवानगी देणारा कायदा यायला १९९७ साल उजाडलं.

इतरत्र गाडी पुढे सरकली, पण वेगवेगळ्या रुळांवर. ब्रिटनने १९७६ मध्ये मस्तिष्कस्तंभ गेला की पुरे, असं धरलं. भारताच्या १९९४च्या कायद्याची भाषाही मस्तिष्कस्तंभाचीच आहे. अमेरिकेत राज्यांनी स्वीकारावा म्हणून केलेल्या १९८१च्या नमुना कायद्याने मात्र संपूर्ण मेंदूचं ‘सर्व’ कार्य कायमचं थांबायला हवं, असं लिहिलं. तपासणी जवळपास तीच: डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, आणि शेवटी यंत्र बाजूला करून, प्राणवायू चालू ठेवून, कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर छाती स्वतःहून हलते का.

‘सर्व’ हा शब्द पुढे अंगाशी आला. सगळ्या चाचण्यांत मृत ठरलेल्या काहींमध्ये मेंदूतलं हायपोथॅलॅमस शरीरातलं पाणी राखणारं संप्रेरक तयार करत राहतं. कायद्याच्या शब्दाप्रमाणे ते मृत नाहीत, चाचण्यांप्रमाणे आहेत. हा विसंवाद मिटवण्यासाठी अमेरिकेत नवा मसुदा करायला घेतला, पण एकमत होईना म्हणून २०२३ मध्ये तो बाजूला ठेवला गेला.