अपग्रेडनंतर लिनक्स सुरू होत नाही: पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ आहे की ‘इनिटरॅमएफएस’?

उबुंटू, मिंट किंवा डेबियन नव्या आवृत्तीवर नेलं, लॅपटॉप रीस्टार्ट झाला आणि लॉगिनऐवजी काळ्या पडद्यावर इंग्रजीतल्या दोन-तीन ओळी आणि लुकलुकणारा कर्सर उरला. अशा वेळी बहुतेक जण मोबाइलवर शोध घेतात आणि समोर येईल ती पहिली आज्ञा वापरून बघतात. ती बहुधा ग्रब, म्हणजे लिनक्सला सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, पुन्हा बसवण्याची असते. ग्रबच बिघडलं असेल तर ठीक. नसेल तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून आधी कर्सरच्या डावीकडे काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘ग्रब रेस्क्यू’ असू शकतं किंवा कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असू शकतं. दोन्हीकडे आज्ञा टाइप करता येतात, ‘एलएस’ (काय काय आहे ते दाखवणारी आज्ञा) दोन्हीकडे चालतं, आणि तक्रारही साधारण एकच असते: अमुक पार्टिशन (डिस्कचा एक भाग) सापडत नाही. गोंधळ होतो तो या सारखेपणामुळेच. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या.)

बटण दाबल्यावर सर्वांत आधी जागं होतं ते लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे जुन्या यंत्रात बायॉस आणि नव्यात यूईएफआय. ते ग्रबला शोधून चालू करतं. ग्रब डिस्कवरून दोन फाइली उचलून मेमरीत ठेवतं. एक कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य प्रोग्रॅम, दुसरी इनिटरॅमएफएस. ही दुसरी फाइल म्हणजे मेमरीतच उघडणारी एक छोटीशी तात्पुरती फाइल सिस्टिम असते. खऱ्या डिस्कपर्यंत पोहोचायला लागणारे ड्रायव्हर, एन्क्रिप्शनचा पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम, डिस्क तपासणारं साधन असा सरंजाम त्यात भरलेला असतो. त्याच्या मदतीने कर्नल मूळ पार्टिशन (ज्यात सगळी सिस्टिम असते ते) जोडून घेतं आणि पुढची सूत्रं बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीकडे जातात.

आता दोन पडदे वेगळे करता येतात. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसतंय याचा अर्थ कर्नल अजून मेमरीत आलेलंच नाही. लिनक्स सुरू झालेलं नसल्यामुळे लिनक्सच्या आज्ञा तिथे चालणार नाहीत. ‘इनिटरॅमएफएस’ दिसतंय याचा अर्थ ग्रबने आपलं काम पूर्ण केलंय. कर्नल चालू आहे, बिझीबॉक्स नावाचं आटोपशीर शेल तुमच्यासमोर आहे, अडलंय ते मूळ पार्टिशन जोडण्यापाशी. या पडद्यावरून ग्रब पुन्हा बसवायला जाणं म्हणजे ज्याने काम चोख केलं त्यालाच धारेवर धरणं.

इथे एक प्रश्न हमखास पडतो. ज्या डिस्कवरून ग्रबने कर्नल वाचलं, तीच डिस्क पुढच्या काही सेकंदांत कर्नलला ‘अस्तित्वात नाही’ असं कसं वाटतं? कारण दोघांच्या वाचण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. ग्रब सहसा स्वतःचा ड्रायव्हर वापरत नाही, डिस्क वाचून देण्याचं काम फर्मवेअरकडून करून घेतं. कर्नल फर्मवेअरवर विसंबत नाही, त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि तो इनिटरॅमएफएसमध्ये भरलेला असावा लागतो. इंटेलच्या काही लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. फर्मवेअरला ती दिसते, म्हणून ग्रबलाही दिसते. नव्या इनिटरॅमएफएसमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर भरला गेला नसेल तर कर्नलला मात्र ती जागा रिकामी दिसते. नावं ठेवण्याची पद्धतही वेगळी आहे. ग्रब ‘एचडी०, जीपीटी२’ असं म्हणतं (डिस्क शून्यापासून, पार्टिशन एकपासून), कर्नल त्याच पार्टिशनला ‘एनव्हीएमई०एन१पी२’ म्हणतं. एका पडद्यावरचं नाव दुसऱ्यावर वापरलं की काहीच होत नाही आणि माणूस आणखी घाबरतो.

ग्रब रेस्क्यू

ग्रबचे दोन भाग असतात. एक छोटा गाभा, आणि बूट फोल्डरमधली मॉड्यूलं. बायॉसवर चालणाऱ्या जुन्या यंत्रात हा गाभा डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या, पार्टिशनबाहेरच्या जागेत लिहिलेला असतो. गाभ्याला ‘नॉर्मल’ नावाचं मॉड्यूल मिळालं की मेन्यू येतो, नाही मिळालं की रेस्क्यू. रेस्क्यूमध्ये आज्ञा चारच: एलएस, सेट, अनसेट, इन्समॉड.

अपग्रेडचा आणि याचा संबंध २०२० च्या जुलैमध्ये अनेकांनी अनुभवला. बूटहोल नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली आणि लिनक्सच्या प्रमुख वितरणांनी (उबुंटू, डेबियन वगैरे) घाईने ग्रबच्या दुरुस्त्या पाठवल्या. नंतर काही डेबियन आणि उबुंटू यंत्रांवर ‘ग्रब कॅलॉक हे चिन्ह सापडलं नाही’ अशा अर्थाची ओळ आली आणि पुढे रेस्क्यू. बूट फोल्डरमधली मॉड्यूलं नवी झाली होती, गाभा जुनाच राहिला होता. डेबियन आणि उबुंटू ग्रब कोणत्या डिस्कवर लिहायचं हे एकदा विचारून लक्षात ठेवतात. मधल्या काळात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली असेल, तर ती नोंद चुकीची ठरते आणि नवा गाभा योग्य जागी जातच नाही. नवी मॉड्यूलं जुन्या गाभ्यात नसलेली सोय मागतात, आणि सगळं तिथेच थांबतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आर्च लिनक्सवर झालेला घोळही याच जातीचा होता. पॅकेज नवं, सेटिंगची फाइल नवी, पण बसवलेलं ग्रब जुनं.

म्हणून रेस्क्यूच्या वर आलेली, चूक सांगणारी ओळ वाचणं महत्त्वाचं. ‘असं डिव्हाइस नाही’ किंवा ‘फाइल सापडली नाही’ असेल, तर ग्रब चुकीच्या पत्त्यावर शोधतंय. एलएसने पार्टिशनं पाहायची, एकेकात बूट/ग्रब फोल्डर आहे का ते बघायचं, सापडलं की ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब’, मग ‘इन्समॉड नॉर्मल’, मग ‘नॉर्मल’. मेन्यू येतो. हा उपाय त्या एका वेळेपुरताच असतो, लॉगिन झाल्यावर ग्रब-इन्स्टॉल चालवावं लागतं. ओळीत ‘चिन्ह सापडलं नाही’ असेल तर मात्र हा प्रयोग करत बसू नका. मॉड्यूल सापडलेलंच आहे, ते गाभ्याशी जुळत नाही. पत्ता बदलून ते जुळणार नाही. सरळ लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून लिनक्स थेट सुरू होतं ती पेनड्राइव्ह) वापरा.

नुसतं ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट आला, ‘रेस्क्यू’ हा शब्द नाही, तर परिस्थिती बरी आहे. मॉड्यूलं मिळाली आहेत, फक्त मेन्यूची फाइल सापडलेली नाही. कधी कधी तर बिघाडच नसतो. मेन्यूसाठी एस्केप एकापेक्षा जास्त वेळा दाबलं गेलं की उबुंटू याच प्रॉम्प्टवर आणून सोडतं.

इनिटरॅमएफएस

इथे पहिला उपाय इतका सोपा आहे की लोक तो विसरतात: जुनं कर्नल. प्रत्येक कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल स्वतंत्र असते. नव्या कर्नलची बिघडली तरी जुन्याची बहुधा शाबूत असते. रीस्टार्ट करताना यूईएफआय यंत्रात एस्केप एकदा दाबायचं, बायॉसच्या यंत्रात शिफ्ट धरून ठेवायचं आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचं कर्नल निवडायचं. ते सुरू झालं, तर आत जाऊन अपडेट-इनिटरॅमएफएस चालवलं की काम झालं. ग्रब रेस्क्यूमध्ये ही वाट नाही, कारण तिथे मेन्यूच येत नाही.

जुनं कर्नलही अडलं, तर प्रॉम्प्टच्या वर काय म्हटलंय ते पाहा. ‘अनपेक्षित विसंगती, एफएससीके हाताने चालवा’ असं असेल तर नवी आवृत्ती निर्दोष असू शकते. अपग्रेड सुरू असताना बॅटरी संपली किंवा पॉवरचं बटण दाबून लॅपटॉप बंद केला की फाइल सिस्टिम अर्धवट अवस्थेत राहते. पडद्यावर दिलेल्या पार्टिशनवर एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवायचं, मग ‘एक्झिट’. एक सावधगिरी मात्र आधी घ्या: ‘डीएमईएसजी’ या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत वाचन-लेखनाच्या चुका सारख्या दिसत असतील तर डिस्क मरायला टेकली आहे. तिच्यावर दुरुस्ती चालवण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून डेटा बाहेर काढा.

‘अमुक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) अस्तित्वात नाही’ असं असेल तर ‘बीएलकेआयडी’ ही दिसणाऱ्या पार्टिशनांची यादी देणारी आज्ञा चालवा. काहीच आलं नाही, तर कर्नलला डिस्क दिसत नाही, म्हणजे प्रश्न ड्रायव्हरचा आहे. इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये मॉड्यूलं ‘मोस्ट’ऐवजी ‘डेप’ अशी निवडलेली असतील तर ती फक्त त्या यंत्रापुरती भरली जातात, त्यामुळे डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावली की हीच वेळ येते. व्हीएमडीच्या यंत्रात फर्मवेअरमध्ये व्हीएमडीऐवजी एएचसीआय (डिस्क जोडण्याची साधी पद्धत) निवडा असा सल्ला मिळेल. त्याच डिस्कवर विंडोज असेल तर तो डोळे मिटून पाळू नका, तयारीशिवाय बदल केला की विंडोज उठत नाही.

बीएलकेआयडीत पार्टिशनं दिसली पण हवा तो यूयूआयडी नाही, तर डिस्क एन्क्रिप्टेड आहे का ते आठवा. डेबियन १० मध्ये, २०१९ साली, एन्क्रिप्टेड डिस्क उघडणाऱ्या क्रिप्टसेटअपमधला इनिटरॅमएफएसचा भाग वेगळ्या पॅकेजात गेला. ते पॅकेज नसेल तर पासवर्ड विचारलाच जात नाही, कुलूप उघडत नाही आणि आतलं पार्टिशन ‘नाही’ ठरतं. यातलं काहीच नसेल आणि डिस्क फक्त हळू जागी होत असेल, तर थोडं थांबून ‘एक्झिट’ केल्यावरही गाडी पुढे सरकते.

लाइव्ह यूएसबी: वाट एक, शेवटची ओळ वेगळी

दोन्हींसाठी तयारी सारखीच. यूएसबीवरून बूट, मूळ पार्टिशन एखाद्या फोल्डरवर माउंट, बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर तेही, यूईएफआयमध्ये ईएफआय पार्टिशनही. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे फोल्डर बाइंड करून (म्हणजे तिथेही जोडून) सीएचरूट, म्हणजे यूएसबीवरून थेट बिघडलेल्या सिस्टिमच्या आत शिरणं. इथून पुढे ग्रबचा प्रश्न असेल तर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब, इनिटरॅमएफएसचा असेल तर अपडेट-इनिटरॅमएफएस सर्व कर्नलांसाठी.

घोटाळे होतात ते आधीच्या पायऱ्यांत. लॅपटॉप यूईएफआयचा असेल तर यूएसबीही त्याच पद्धतीने सुरू करायला हवी. ‘सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हा फोल्डर दिसतोय का, एवढं पाहिलं तरी कळतं. बायॉसच्या यंत्रात ग्रब-इन्स्टॉलला पूर्ण डिस्क द्यायची, तिच्यातलं पार्टिशन नव्हे. आणि एन्क्रिप्टेड डिस्क उघडताना क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्टेड डिस्कांची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये) जे नाव आहे तेच द्यायचं. दुसरं दिलं तर नव्या इनिटरॅमएफएसमध्ये कुलूप उघडायची सोय येत नाही आणि तुम्ही पुन्हा त्याच पडद्यावर येता.

बूट-रिपेअर हे आयतं साधन ग्रबच्या बिघाडावर खरंच उपयोगी आहे. पण इनिटरॅमएफएसच्या पडद्यासाठी मी त्याच्याकडे वळणार नाही. ज्याला काही झालेलं नाही त्या भागात ते ढवळाढवळ करतं, आणि मग एकाचे दोन बिघाड होतात.

याच्या आसपासचे आणखी काही पडदे ओळखता आले तर बरं. ‘कर्नल पॅनिक’ आणि शेवटी ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ असेल तर इनिटरॅमएफएस फाइल बहुधा तयारच झाली नाही किंवा अर्धवट लिहिली गेली, कारण वेगळं बूट पार्टिशन भरलेलं होतं. जुन्या कर्नलवरून आत जा, नको असलेली कर्नलं काढा, फाइल पुन्हा बनवा. ‘इमर्जन्सी मोड’ आणि रूटचा पासवर्ड मागितला जात असेल तर तुम्ही या दोन्ही टप्प्यांच्या पुढे आला आहात, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांच्या यादीच्या फाइलमध्ये) आता नसलेल्या एखाद्या पार्टिशनची ओळ शोधा. विंडोज सोबत असलेल्या यंत्रांवर २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या अपडेटनंतर ‘एसबॅट’ (सुरक्षेची एक पडताळणी) तपासणी फसल्याचा संदेश आला होता, तो ग्रबच्याही आधीचा टप्पा. तेव्हा सिक्युअर बूट (फक्त मान्य प्रोग्रॅमच सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) तात्पुरतं बंद करून आत शिरता येत होतं. आणि फेडोरावर ‘इनिटरॅमएफएस’ऐवजी ‘ड्रॅकट’ असं दिसतं. जागा तीच, फक्त फाइल पुन्हा बनवताना आज्ञा ‘ड्रॅकट’ची द्यायची.