कीटक आणि कोळ्यांचे मॅक्रो छायाचित्रण

मुंगी, माशी, चतुर, नाकतोडा, कोळी अशा लहान जिवांचे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तपशील टिपणारा छायाचित्रणाचा प्रकार. काटेकोरपणे पाहिले तर कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) पडणारी प्रतिमा प्रत्यक्ष जिवाएवढी, म्हणजे १:१, असेल तरच ते मॅक्रो. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी असतो. त्यावर ९ मिमीची ओंबील (आंब्याच्या झाडावर पाने जोडून घर करणारी तांबडी मुंगी) १:१ ला चौकटीच्या लांबीचा चौथा भाग व्यापते. निकॉन मात्र आपल्या अशा लेन्सना पहिल्यापासून ‘मायक्रो’ म्हणते, त्यामुळे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो.

या प्रकारातली खरी अडचण जीव लहान असण्याची नाही, फोकस उथळ असण्याची आहे. १:१ ला एफ/८ (लेन्समधल्या प्रकाशछिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. उडी मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन टपोरे डोळे लख्ख आले की पोट धूसर होते. छिद्र आणखी लहान करावे, तर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, सगळेच चित्र मऊ, कमी रेखीव पडते. म्हणून बहुतेक जण एफ/८ ते एफ/११च्या आसपास थांबतात, फोकसची रिंग न फिरवता कॅमेऱ्यासकट अंगानेच किंचित पुढेमागे झुलतात आणि डोळे स्पष्ट झाले की बटण दाबतात. दहातले नऊ फोटो वाया जातात, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरा उपाय फोकस स्टॅकिंगचा: फोकस थोडाथोडा सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग जोडायचे. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्डच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील कीटकांची २०१६ मध्ये प्रदर्शित केलेली एकेक प्रतिमा हजारो फोटोंतून घडवली. अर्थात ते मृत नमुने होते. जिवंत कोळी आठ सेकंदसुद्धा एका जागी थांबेल याची खात्री नसते.

९० ते १०५ मिमी नाभीय अंतराच्या मॅक्रो लेन्स सोयीच्या, कारण जिवापासून थोडे अंतर राखता येते. खिशाला परवडणारे मार्ग म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) किंवा उलटी बसवलेली ५० मिमी लेन्स. प्रकाशासाठी फ्लॅश जवळजवळ अटळ, पण तो उघडा मारला तर भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो, म्हणून मध्ये पांढऱ्या प्लास्टिकचा किंवा ट्रेसिंग पेपरचा डिफ्यूझर हवा. कोळ्याच्या डोळ्यात त्या डिफ्यूझरचा आकार जसाच्या तसा उमटतो. जाणकार तेवढ्यावरून फोटो कसा काढला ते ओळखतो.

पहाटेच्या गारव्यात कीटक सुस्त असतात, तेव्हा दव पडलेला चतुर निवांत सापडतो. तो सुस्तपणा मिळवण्यासाठी कीटक फ्रीजमध्ये ठेवणारेही आहेत. ही लबाडी आहे, आणि जिवाला त्रास देणारी आहे.

ओंबिलींच्या रांगेत कधी कधी पुढचे पाय मिशांसारखे हलवणारा एक ‘मुंगळा’ दिसतो. जवळच्या फोटोत पाय मोजले तर आठ भरतात: तो मुंगीचे सोंग घेतलेला कोळी असतो. मात्र फोटोवरून कोळ्याची नेमकी जात नेहमी ठरत नाही. ठाणे परिसरात सापडलेल्या आणि पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ २०२१ मध्ये ‘इसियस तुकारामी’ असे नाव मिळालेल्या कोळ्यासारख्या जाती निश्चित करायला नराच्या तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.