मातृभाषकासमोरची पहिली तीस मिनिटं

दोन वर्षं मन लावून शिकलेली भाषा, आणि ती भाषा जन्मापासून बोलणारी व्यक्ती समोर आल्यावर पहिल्याच साध्या प्रश्नाला तोंडून शब्द फुटत नाही. शब्द माहीत असतात, व्याकरणही पक्कं असतं. कमी पडतो तो वेळ.

2009 साली दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना प्रसिद्ध झाली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानीत ते सर्वांत कमी होतं, डॅनिशमध्ये सर्वांत जास्त, पण तेही अर्ध्या सेकंदाच्या आत. आता दुसरा आकडा पाहा. एखादं चित्र दाखवल्यावर त्याचं नाव उच्चारायला माणसाला स्वतःच्या भाषेतसुद्धा सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. या दोन आकड्यांचा मेळ एकाच तऱ्हेने बसतो: समोरच्याचं वाक्य चालू असतानाच ऐकणारा ते कुठे संपणार हे ताडतो आणि उत्तर जुळवायला घेतो.

शिकणाऱ्याला हे जमत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष शब्द ओळखण्यातच खर्ची पडतं. बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. शिवाय पुस्तकातलं रूप तोंडी तसंच राहील याची खात्री नाही. फ्रेंचमध्ये ‘मला माहीत नाही’ यासाठी पुस्तकात ‘झ न से पा’ असतं, पण रोजच्या बोलण्यात त्याचं ‘शे पा’ होतं. जपानी ‘देसु’मधला शेवटचा उकार बहुधा ऐकूच येत नाही. अशा वेळी शिकणारा वाक्य संपल्यावर विचाराला लागतो, समोरचा ती शांतता पाहून ‘कळलं नाही वाटतं’ म्हणतो आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. हा त्याचा चांगुलपणाच, पण घोटाळा नेमका इथे होतो. अर्धवट उलगडलेलं पहिलं वाक्य वाया जातं आणि दुसरं नव्याने उलगडावं लागतं.

म्हणून भेटीआधी एक वाक्य त्या भाषेत अगदी तोंडपाठ हवं: ‘तेच वाक्य पुन्हा सांगाल का, तेच शब्द, जरा सावकाश?’ दुसरी तयारी विचार करायला वेळ मागणाऱ्या शब्दांची. मराठीत आपण ‘म्हणजे…’, ‘बघा ना…’ म्हणत बोलायची पाळी धरून ठेवतो. जपानी माणूस ‘एतो’ म्हणतो, स्पॅनिश बोलणारा ‘पुएस’. हे शब्द पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतात, पण संभाषण त्यांच्यावर तरतं.

पुन्हा विचारण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. बारा भाषांवरच्या 2015 सालच्या अभ्यासात दिसलं की एकच मातृभाषा असलेली माणसंसुद्धा साधारण दर दीड मिनिटाला एकदा तरी एकमेकांना ‘काय?’, ‘कोण?’, ‘म्हणजे उद्या?’ असं विचारतात. आणि शक्य असेल तेव्हा ती जास्तीत जास्त नेमकं विचारतात. शिकणाऱ्यानेही तेच करावं. नुसतं ‘काय?’ म्हटलं तर सगळं वाक्य परत येतं. जेवढं कळलं तेवढं बोलून दाखवून ‘तो काल कुठे गेला?’ असं विचारलं, तर नेमका तेवढाच तुकडा हाती लागतो. कळलं नसताना मान डोलावणं मात्र महागात पडतं, कारण पुढची दहा वाक्यं त्या न कळलेल्या वाक्यावर उभी राहतात.

उच्चारांसाठी तर अशा भेटीला पर्याय नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाचा ‘पिन’ हा शब्द इंग्रजी मातृभाषकाला ‘बिन’सारखा ऐकू येऊ शकतो. कारण साधं आहे. ओठ उघडल्यापासून स्वरतंतू थरथरू लागेपर्यंत किती वेळ जातो, याची मोजमापं 1964 साली अकरा भाषांसाठी प्रसिद्ध झाली. त्यांत मराठीही होती. शब्दाच्या सुरुवातीच्या इंग्रजी ‘प’ला सुमारे 58 मिलिसेकंद लागतात आणि त्या वेळात हवेचा झोत बाहेर पडतो. मराठी ‘प’मध्ये थरथर जवळजवळ लगेच सुरू होते. पातळ कागदाची पट्टी ओठांपुढे दोन बोटांच्या अंतरावर धरून ‘पाणी’ म्हणा, ती जेमतेम हलेल. इंग्रजी मातृभाषकाच्या ‘पिन’ला ती उडते, आणि गंमत म्हणजे त्याच्याच ‘स्पिन’ला उडत नाही.

‘पिन’-‘बिन’सारख्या जोडीची चाचणी पाच मिनिटांत होते. दोन्ही शब्द उलटसुलट क्रमाने दहा वेळा म्हणायचे, समोरच्याने ऐकू आला तो शब्द लिहायचा. नुसत्या अंदाजानेही पाच बरोबर येतात, त्यामुळे सहा-सात म्हणजे फरक अजून पोचत नाही. नऊ-दहा आले तर तो आवाज साधला. मग भूमिका बदला: त्याने म्हणायचं, तुम्ही ओळखायचं. कानाची अडचण फार जुनी असते. 1984 सालच्या प्रयोगात इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ‘ट’ आणि ‘त’ वेगळे ओळखत होती, पण वर्षाचं होता होता ते बहुतेकांना जमेनासं झालं. मोठेपणी कान पुन्हा तयार होतो, मात्र एकाच आवाजावर नाही. जपानी भाषकांना इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ शिकवण्याच्या प्रयोगांत अनेक वक्त्यांचे आवाज ऐकवल्याचा उपयोग झाला. तेव्हा दोन-तीन वेगवेगळ्या माणसांशी बोला.

मातृभाषकाला ‘असं का?’ मात्र विचारू नका. ‘हे जग’ आणि ‘शंभर वर्षं जग’ म्हणून पाहा. अक्षर एकच, पण पहिल्या ‘ज’ला जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्याला दातांमागे. मराठी माणूस हे कधी चुकत नाही, आणि नियम विचारला तर गोंधळतो किंवा तिथल्या तिथे एखादा चुकीचा नियम रचून सांगतो. त्याऐवजी दोन वाक्यं पुढे ठेवा आणि ‘तुम्ही यातलं कोणतं म्हणाल?’ असं विचारा. तिथे त्याचं उत्तर भरवशाचं असतं.

चुका दुरुस्त करण्याबद्दल आधीच ठरवून घ्या. माणसं सहसा चूक दाखवून न देता ते वाक्य सुधारून परत म्हणतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं की समोरचा फक्त दुजोरा देतोय. कॅनडातल्या फ्रेंच वर्गांच्या 1997 सालच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक दुरुस्त्या अशाच होत्या, आणि त्यांतल्या तिसऱ्या हिश्शालाही विद्यार्थ्यांनी प्रतिसाद दिला नव्हता. म्हणून एका भेटीत चुकांचा एकच प्रकार निवडा, समजा क्रियापदांचा भूतकाळ. तिथे चुकलं की समोरच्याने बोट वर करायचं. बाकी चुका सोडून द्यायच्या, नाहीतर बोलणंच थांबतं.

उरलेल्या वेळात एकच विषय तीनदा सांगा: आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. या पद्धतीत खरं तर दर वेळी ऐकणारा नवा असतो, पण एकच असला तरी चालेल. मजकूर तोच राहिल्याने डोक्यावरचा विचाराचा भार उतरतो आणि तोच वेळ वाक्य जुळवायला मिळतो. परवानगी घेऊन हे ध्वनिमुद्रित करा. त्याच दिवशी समोरच्याच्या बोलण्यातली दोन मिनिटं शब्दन् शब्द उतरवून काढा. जिथे लेखणी अडेल तिथे नेमकी वेळ लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत तेवढेच काही सेकंद त्याला ऐकवून विचारा.