नांदूरमध्यमेश्वर आणि ठाण्याची खाडी: पाणथळ दोन्ही, पण जात वेगळी

हिवाळा लागला की नाशिकच्या पक्षीप्रेमींच्या ग्रुपवर ठरलेलं वाक्य येतंच: "ठाण्याची खाडी म्हणजे आपलं चापडगावच, फक्त पाणी खारट." (नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला आपण जातो ते चापडगावलाच, म्हणून हे नाव.) दोन्ही रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत, दोन्हीकडे गुडघाभर चिखल आहे, म्हणून हा घोळ होतो. पण त्या "फक्त" या शब्दात सगळं चुकतं.

चापडगावबद्दल नाशिककरांना काय सांगायचं? गोदावरी-कादवा संगमावरचा बंधारा, त्यामागे साठलेला गाळ, पाणकणीस, बदकं. पाण्याची पातळी ठरते वरून दारणा-गंगापूर धरणांमधून काय सुटलं आणि कालव्यांचं आवर्तन कधी आहे यावर. ती चढते-उतरते, पण सावकाश, दिवसा-आठवड्यांच्या हिशेबाने.

खाडीत हाच हिशेब तासांचा आहे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. म्हणजे तिथला किडा सकाळी पाण्याखाली असतो, दुपारी उन्हात. वर मिठाचंही स्थिर नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात खाडी त्याच्या जवळ जाते आणि पावसाळ्यात कितीतरी खाली येते. कोण जगणार हे मिठापेक्षा या बदलावर ठरतं. गोड्या पाण्यातल्या जिवाच्या अंगात क्षार जास्त आणि बाहेर कमी, त्यामुळे पाणी आत घुसत राहतं आणि ते बाहेर टाकावं लागतं. खाऱ्या पाण्यात उलटं होतं, अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. दोन्ही जमणारे जीव थोडेच.

म्हणून खाडीच्या चिखलात जाती कमी आणि संख्या प्रचंड. लोक नेमके इथेच घसरतात. हजारो फ्लेमिंगो दिसले की "केवढी जैवविविधता!" असं लिहून मोकळे. फ्लेमिंगोंचे ते थवे मोजक्याच प्रकारच्या अन्नाच्या मुबलकतेवर जमतात. लहान फ्लेमिंगो तर मुख्यतः सूक्ष्म शैवाल गाळून खातो. थवा मोठा असला म्हणजे जाती जास्त असतात, असं नाही.

खाडीची खरी विविधता उभ्या पट्ट्यांत असते. चिखलाची उंची हातभर बदलली की पाण्याखालचे तास बदलतात आणि रहिवासी बदलतात. खाली सतत ओल्या चिखलात शिंपले आणि समुद्री किडे (कीटक नव्हे, गांडुळासारखे प्राणी), त्यावर चिखलात उड्या मारणारा निवट्या मासा आणि एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे, आणखी वर तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं. चापडगावच्या चिखलात चतुरांची आणि डासमाश्यांची पिल्लं भरपूर. समुद्रात मात्र कीटक जवळजवळ नाहीतच, तिथे ती जागा हे समुद्री किडे आणि कवचधारी घेतात.

वासाचंही बोलू, कारण "खाडी घाणेरडी, सडक्या अंड्यांचा वास येतो" ही तक्रार नेहमीचीच. सांडपाणी खाडीत येतं हे खरं, पण स्वच्छ खाडीचा चिखलही तसाच वास मारतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. वरचा पातळ थर सोडला की चिखलात प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. गोड्या पाण्यात सल्फेट कमी, त्यामुळे तिथल्या गाळातून मुख्यतः मिथेन निघतो, आणि त्याला वास नाही. काठी खुपसल्यावर चापडगावला उठणारे बुडबुडे बहुतेक त्याचेच.

"मग गोदावरीकाठी कांदळवन का लावत नाही?" हा प्रश्नही थकवतो. तिवराला मीठ आवडतं असं नाही, ते सोसता येतं. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहा, बाहेर टाकलेल्या मिठाची चव लागते. गोड्या पाण्यात रोप जगेलही, पण पाणकणीस त्याला उभं राहू देणार नाही. गोदावरीचं कांदळवन पाहायचंच असेल तर काकीनाड्याजवळ कोरिंगाला जा, ही नदी तिथे समुद्राला मिळते. आपल्या बाजूने अरबी समुद्राला जाते ती वैतरणा.

क्षेत्रफळ, दर्जा मिळाल्याची वर्षं वगैरे फरक कुठेही सापडतील.

कामाची गोष्ट वेळेची. चापडगावला पहाटे पोचलात की झालं. खाडीला पंचांग घेऊन निघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ: अष्टमीला 8 गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजा. अंदाज अर्धा-पाऊण तास चुकतो आणि आतल्या टोकाला भरती थोडी उशिरा पोचते, म्हणून ऐरोलीला बोटीची वेळ घेण्याआधी भरतीचं छापील कोष्टक बघाच. भर भरतीला चिखलच नसतो, पक्षी मिठागरांकडे जाऊन बसतात. पूर्ण ओहोटीला ते लांब पसरतात. काठाजवळचा चिखल नुकताच उघडा पडू लागतो, ती वेळ साधा.