खाडीपलीकडचा रस्ता : मांडवा ते रत्नागिरी, सायकलने
(आमच्याकडून सायकल घेऊन स्वतंत्रपणे निघणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मुंबई-गोवा महामार्गाच्या पश्चिमेला, समुद्राच्या कडेकडेने, रेवसपासून रेडीपर्यंत एक रस्ता जातो. कागदावर तो सागरी महामार्ग आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी समोरून एसटी आली की सायकल डांबराखाली उतरवावी लागते, इतका तो अरुंद आहे. मध्येमध्ये खाडी आडवी येते आणि रस्ता सरळ धक्क्यावर जाऊन संपतो. पुढे पूल नाही, फेरीबोट आहे. ट्रक, ट्रॅव्हल्सच्या बस आणि लांबच्या गाड्या म्हणून महामार्गच धरतात. या रस्त्यावरची शांतता त्या नसलेल्या पुलांमुळे टिकली आहे.

पूर्णपणे वाहनमुक्त असा हा रस्ता नाही, हे आधीच सांगतो. पण दिघीपासून पुढे, आडवारी निघालात तर, रिक्षा, दुचाक्या, दुधाच्या आणि मासळीच्या गाड्या आणि दिवसातून ठरलेल्या वेळी येणारी एसटी, एवढीच सोबत असते. खाड्यांवर पूल बांधायची योजना आहे आणि काही ठिकाणी कामेही चालू आहेत. पूल झाले की या रस्त्याचा स्वभाव बदलणार, म्हणून मनात असेल तर फार लांबणीवर टाकू नका.

सहा दिवसांचा हिशोब

एकूण अंतर सुमारे ३३० किलोमीटर. सोमवारी सकाळी निघून शनिवारी रत्नागिरीला पोहोचायचे, असा आखलेला बरा. सुरुवातीचा टप्पा सर्वांत गजबजलेला आहे आणि तो आडवारी उरकतो.

सोमवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट. सायकल ढकलत थेट बोटीत नेता येते, काही सोडावे लागत नाही. पुढे अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरुड, सुमारे ७० किलोमीटर. अलिबागपर्यंतचा भाग आम्हाला विशेष आवडत नाही, तो सकाळी लवकर मागे टाकावा.

मंगळवारचे अंतर कमी, साधारण ५० किलोमीटर, ते मुद्दामच. आगरदांडा ते दिघी बोटीने, मग दिवेआगर आणि तिथून आरावी-शेखाडीमार्गे श्रीवर्धन. शेखाडीच्या आसपास रस्ता पाण्याला इतका चिकटून जातो की भरतीच्या लाटांचा आवाज डाव्या बाजूच्या डोंगरावरून परत ऐकू येतो. हा पट्टा घाईने संपवू नका.

बुधवारी हरिहरेश्वर, बागमांडला, बाणकोट खाडी ओलांडून वेसवी आणि पुढे केळशी-आंजर्ले करत हर्णै. सहा दिवसांतला हा सर्वांत दमवणारा दिवस. अंतर फार नाही, चढ फार आहेत. गुरुवारी मुरुड-कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ, बोटीने धोपावे आणि मुक्काम गुहागरला. (हे मुरुड दापोली तालुक्यातले. फोनवर खोली ठरवताना कोणते मुरुड ते नक्की सांगा, घोटाळा सहज होतो.) शुक्रवारी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, बोटीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. शनिवारी आरे-वारेच्या वळणांवरून रत्नागिरी, जेमतेम २५ किलोमीटर.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच का

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे पायांना कळतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा असतो, त्याचा त्रास नाही. दुपारनंतर समुद्रावरून जो वारा सुटतो तो हिवाळ्यात बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागून. उलट दिशेने निघालेल्याला तोच वारा रोज संध्याकाळी, नेमके पाय थकलेले असताना, तोंडावर येतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. नाताळ ते नवे वर्ष हा आठवडा सोडा. गणपती आणि शिमगा या दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्यांनी लहान रस्तेसुद्धा भरतात. मार्चपासून सड्यावर, म्हणजे गावांच्या वरच्या उघड्या खडकाळ पठारावर, ऊन सोसवत नाही.

चढ कुठे आणि का

किनाऱ्याने रस्ता म्हणजे सपाट रस्ता, ही समजूत इथे पहिल्याच दोन दिवसांत मोडते. कोकणची किनारपट्टी म्हणजे जांभ्या दगडाचे सडे, आणि त्यांना कापत गेलेल्या खाड्या. गाव खाली पाण्याजवळ, सडा वर शंभर-दीडशे मीटरवर. एका गावातून दुसऱ्या गावात जायचे म्हणजे वर चढा, सड्यावर दोन-चार किलोमीटर उघड्यावर चाला, पुन्हा खाली उतरा. एका दिवसात हे चार-पाच वेळा होते. एकेक चढ लांब नसतो, पण तीव्र असतो.

म्हणून आमच्या सायकलींना पुढे लहान आणि मागे मोठी चक्री बसवलेली आहे. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचाही साधारण एकच फेरा होतो. स्वतःची सायकल आणणार असाल तर पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चक्री यांचे दाते मोजा. मागचे दाते पुढच्याइतके किंवा जास्त असावेत. पुढे ३४ आणि मागे २८ असेल, तर सामानासकट इथले चढ गुडघ्यांवर येतात.

धक्क्यावरून वर येणारा रस्ता बहुतेक ठिकाणी लगेच चढाला लागतो. बोटीत शिरण्यापूर्वी तुम्ही उतार उतरून आलेले असता, त्यामुळे सायकल जड गिअरमध्ये असते. बोटीतच मागचे चाक उचलून, पेडल हाताने फिरवत, हलका गिअर टाकून ठेवा. चढावर जोर देताना गिअर बदलला की साखळी कुरकुरते, कधी उतरते, कधी तुटते. सहलीत तुटलेल्या बहुतेक साखळ्यांचे कारण एवढेच असते.

उतारावर वळणाच्या आतल्या बाजूला जांभ्याची बारीक खडी आणि लाल माती साचलेली असते. वेग वळणापूर्वी कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडत राहा.

फेरीबोट

जंगलजेट्टी म्हणून ओळखली जाणारी ही सपाट बोट माणसे, दुचाक्या, मोटारी सगळे एकदम घेते. पाणी ओलांडायला दहा ते वीस मिनिटे लागतात. सायकलचे तिकीट वेगळे असते, सुटे पैसे हातात ठेवा. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात आणि जोराचा वारा असेल तर फेरी रद्दही होते, म्हणून शेवटच्या फेरीच्या भरवशावर दिवस आखू नका. दुपारी तीनपर्यंत धक्क्यावर असावे.

इथे माणसे पडतात ती बोटीत चढताना. ओहोटीला धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो आणि शेवटच्या चार-पाच पावलांवर हिरवे शेवाळ असते. सायकलवरून उतरा, सायकलच्या डाव्या बाजूला राहा, मागचा ब्रेक बोटाखाली ठेवा आणि शेवाळ नसलेल्या चाकोरीतून, म्हणजे मोटारींच्या टायरनी घासलेल्या पट्ट्यातून, हळू चाला. मोटारी आधी चढू द्या.

सायकलची काळजी

टायर ३८ मिलिमीटर रुंदीचे आहेत. सत्तर किलो वजनाच्या माणसाला, मागे सामान असताना, पुढे ४५ आणि मागे ५५ पीएसआय हवा योग्य. टणक टायर पळतो असे वाटून ८० पर्यंत भरली, तर उखडलेल्या डांबरावर हात बधिर होतात आणि कॅरिअरचे बोल्ट सैल होतात. सगळ्या ट्यूबना आम्ही मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह मुद्दाम दिला आहे, कारण वाटेतल्या कोणत्याही पंक्चरवाल्याच्या पंपाने त्यात हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हला त्याच्याकडे तोंड नसते.

सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या तीन पट्ट्या, ॲलन की (षटकोनी टोकाच्या चाव्या), साखळीची एक जोडकडी, तेलाची लहान बाटली आणि कॅरिअरचे दोन जादा बोल्ट आहेत. हे बोल्ट ५ मिलिमीटरचे आहेत, ४ च्या ॲलन कीने बसतात. रोज संध्याकाळी चारही बोल्ट तपासा. एक पडला की सगळे वजन दुसऱ्यावर येते आणि कॅरिअर चाकाला घासू लागते.

वाळूत सायकल नेऊ नका, ही आमची कळकळीची विनंती. ओहोटीची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट दिसते आणि फोटोही छान येतो, पण खारे पाणी चाकाच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि ते बाहेरून धुऊन निघत नाही. चुकून नेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याची बादली वरून हळू ओता, पाइपचा जोरदार फवारा मारू नका. साखळी फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडा, पेडल उलटे फिरवा आणि वरवरचे तेल पुसून टाका. जास्त राहिलेल्या तेलाला लाल धूळ चिकटते आणि तिची पेस्ट साखळी खाते.

सामान आठ ते दहा किलोच्या आत ठेवा. जड वस्तू दोन्ही पिशव्यांत तळाशी आणि सारख्या वाटून.

नकाशा, पाणी, जेवण

फोनवरचा नकाशा मोटारीचा मार्ग विचारला तर महामार्गाकडे वळवतो आणि पायी मार्ग विचारला तर पाखाडीवर नेऊन सोडतो. जांभ्याच्या त्या पायऱ्यांवरून सामानाची सायकल खांद्यावर घेऊन उतरणे हा अर्ध्या तासाचा आणि पाठीचा खर्च आहे. आम्ही दिलेली ट्रॅकची फाइल निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून घ्या. सड्यांवर आणि खाडीच्या खोलगटात नेटवर्क जाते. त्याच कारणाने रोखही लागते. फक्त यूपीआयवर विसंबू नका.

सकाळी सहाला निघून साडेदहापर्यंत मोठा भाग उरकावा आणि उन्हात सड्यावर असू नये. तिथे सावली नाही, पाणीही नाही. गावातून वर चढण्यापूर्वी दोन लिटर भरून घ्या. दमट हवेत घामातून मीठ बरेच जाते. मीठ घातलेले कोकम सरबत जवळजवळ प्रत्येक गावात मिळते, नुसत्या पाण्यापेक्षा ते बरे.

मुक्कामाच्या घरी संध्याकाळी पोहोचून जेवण मागितले तर बहुधा मिळत नाही. मासे सकाळी आणावे लागतात आणि मोदक असोत की भाकरी, माणसे मोजूनच होतात. किती जण, शाकाहारी की मासे, हे सकाळी निघतानाच फोन करून सांगा.

वाडीत कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नका. खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. चाक थांबले की बहुतेक कुत्री थांबतात.

परतीचा प्रवास

रत्नागिरीचे रेल्वे स्थानक शहराबाहेर, कुवारबावला आहे. सायकल सामान म्हणून पार्सल कार्यालयात नोंदवावी लागते. गाडीच्या किमान दोन तास आधी पोहोचा, तिकीट आणि ओळखपत्र जवळ ठेवा. पेडल काढा. डावे पेडल उलट आट्यांचे असते, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. हँडल आडवे वळवा, टायरमधली हवा थोडी कमी करा, आणि नाव, फोन व उतरायचे स्थानक लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी, एक फ्रेमला आणि एक मागच्या चाकाला, घट्ट बांधा. पिशव्या, दिवा आणि पंप स्वतःजवळ ठेवा. सामानाच्या डब्यात सुटी वस्तू सायकलसोबत राहत नाही.