मल्चिंग पेपर (खान्देश)

गादीवाफ्यावर अंथरायची पातळ प्लास्टिकची फिल्म. ‘पेपर’ हे बोलण्यातले नाव; असतो तो पॉलिथिनचा पापुद्रा, बहुधा वरून चंदेरी आणि खालून काळा. नंदुरबार भागातली मिरची, तापीकाठची केळी, शिवाय टरबूज, पपई अशा पिकांत ठिबकची नळी वाफ्यावर टाकून त्यावर तो ताणून बसवतात. उजेड न मिळाल्याने तण दबते, ओल टिकते, खुरपणीची मजुरी वाचते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या प्रदेशात पाण्याची ही बचत लहान नव्हे, हे आधी मान्य करायला हवे.

अडचण आहे वजनाची. २५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या पेपरचे वजन चौरस मीटरला सुमारे २३ ग्रॅम भरते. एकराचा निम्मा भाग झाकला, तर साधारण ४६ किलो. ५० मायक्रॉनचा घेतला तर त्याच्या दुप्पट. म्हणजे पातळ पेपरात कच्चा माल निम्मा, वाहतूक हलकी, खर्चही कमी. पण हंगाम संपेपर्यंत उन्हाने तो ठिसूळ होतो आणि ओढायला गेले की हातात चिंध्या येतात. जाड पेपर गुंडाळून काढता येतो. पातळ वेचावा लागतो. भंगारवाला माल किलोवर घेतो. ठिबकच्या जुन्या नळ्यांना वजन असते, म्हणून त्या विकल्या जातात. मातीने माखलेल्या पेपरला मात्र कोणी विचारत नाही, कारण तो धुण्यातच पाणी आणि पैसा जातो. जुन्या प्लास्टिकच्या दाण्यांपासून चटया विणणारे कारखाने जळगावात असूनही हा माल बांधावर जळतो किंवा रोटाव्हेटरखाली मातीत जातो. जाळण्याने धूर होतो. गाडलेले तुकडे बारीक होत जातात, नाहीसे होत नाहीत. हलक्या पेपराची किंमत ठरवताना मातीत उरणारा हा भाग हिशेबात धरलाच पाहिजे.

‘आपोआप विरणारा’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक पेपर सारखा नसतो. ऑक्सो-विघटनशील, म्हणजे ऊन-हवेत लवकर मोडावे म्हणून रसायन मिसळलेले प्लास्टिक नुसते तुकड्यांत मोडते. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशाने त्यावर बंदी घातली. जैवविघटनशील, म्हणजे मातीतल्या जिवाणूंनी पचवायची फिल्म वेगळी, आणि महागही. तिच्यासाठीच्या २०१८च्या युरोपीय मानकानुसार मातीत दोन वर्षांत ९० टक्के विघटन व्हावे लागते, पण ही चाचणी प्रयोगशाळेत, २० ते २८ अंशांच्या ओलसर मातीत होते. कोरड्या मातीत जिवाणूंचे काम मंदावते. त्यामुळे मृगाच्या तोंडावर गाडलेल्या आणि मार्चमध्ये गाडलेल्या तुकड्याची गत एक नसते.