घर आपले, जमीन पार्कमालकाची: ब्रिटनमधल्या पार्क होम कायद्यांची पार्श्वभूमी

ब्रिटनमधले 'पार्क होम' कागदोपत्री आजही कॅराव्हॅन, म्हणजे ओढून नेता येणारे फिरते घर, असते. प्रत्यक्षात ते एकदा जागेवर बसले, वीज-पाणी-सांडपाणी जोडले गेले, दारापुढे चार फुलझाडे लागली की हलत नाही. हलवायचे तर ते सुटे करून ट्रेलरवर चढवावे लागते आणि दुसऱ्या पार्कमध्ये, म्हणजे अशाच घरांच्या वसाहतीत, मोकळी जागाही मिळावी लागते. घर रहिवाशाच्या पैशाचे, पण खालची जमीन पार्कमालकाची आणि तिचे भाडे, म्हणजे पिच फी, कायम चालू. मालकाने छळ मांडला तर घर उचलून चालते होण्याची सोय नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची भीषण टंचाई होती, तेव्हा हजारो कुटुंबांनी कॅराव्हॅनमध्ये संसार थाटले. 1960 च्या कायद्याने अशा पार्कना परवाना सक्तीचा केला. पण त्यात विचार होता तो जमिनीच्या वापराचा, दोन कॅराव्हॅनमधल्या अंतराचा, आगीचा नि मोऱ्यांचा. आत राहणाऱ्या माणसाला कोणी हुसकावले तर काय, यावर तो गप्पच होता.

छळ हा गुन्हा ठरला तो आधी भाडेकरूंसाठी. लंडनच्या नॉटिंग हिल भागातला घरमालक पीटर रॅचमन दांडगाईने जुन्या भाडेकरूंना बाहेर काढण्यासाठी बदनाम झाला होता. 1963 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ही प्रकरणे गाजली आणि 1965 च्या भाडे कायद्यात छळाविरुद्ध तरतूद आली. मात्र नुसती जमीन भाड्याने घेतलेला कॅराव्हॅनवाला तिच्यात नीट बसत नव्हता.

ती फट बुजवली लिबरल पक्षाचे खासदार एरिक लबॉक यांनी. छोट्या विरोधी पक्षातल्या खासदाराचे खासगी विधेयक कायदा होणे ही सोपी गोष्ट नव्हे, पण 1968 चा कॅराव्हॅन साइट्स अ‍ॅक्ट तसाच झाला. किमान चार आठवड्यांची नोटीस आणि न्यायालयाचा हुकूम असल्याशिवाय रहिवाशाला काढता येईना. त्याने कंटाळून निघून जावे म्हणून शांततेत व्यत्यय आणणे किंवा वीज-पाण्यासारख्या सोयी वारंवार तोडणे हा फौजदारी गुन्हा ठरला. अडचण एवढीच, की मालकाचा हेतू सिद्ध करावा लागे. रात्री पाणी बंद झाले तर 'पाइप फुटला होता' म्हणायला किती वेळ लागतो? 2004 च्या दुरुस्तीनंतर, आपल्या वागण्यामुळे रहिवासी निघून जाण्याची शक्यता आहे हे मालकाला कळायला हवे होते, एवढे दाखवणे पुरेसे झाले.

दरम्यान 1983 च्या मोबाइल होम्स अ‍ॅक्टने लेखी करार, राहण्याची शाश्वती आणि घर विकण्याचा हक्क दिला. विक्रीवर मालकाला 10 टक्क्यांपर्यंत कमिशन ठेवले. पागडीची खोली विकताना मालकाचा वाटा मोजणाऱ्या मुंबईकराला हे नवे वाटणार नाही. खरी मेख पुढे होती: गिऱ्हाईक मालकाच्या पसंतीला उतरावे लागे.

रहिवाशाला काढता येत नाही म्हटल्यावर काही मालकांनी विक्रीच अडवायला सुरुवात केली. रहिवासी बहुतेक उतारवयातले. विटांचे घर विकून इथे आलेले. असे घर विकायला निघाले, की मालक गिऱ्हाइकाला 'मुलाखती'ला बोलावी आणि घर जुने आहे, लवकरच काढावे लागेल असे सांगून पिटाळून लावी. असे दोन-तीनदा झाले की थकलेला म्हातारा किंवा त्याचे वारस ते मालकालाच कवडीमोलाने देत. मालक जुने घर मोडीत काढी, त्याच जागी नवे बसवी आणि भरघोस नफ्याने विकी. माझ्या मते सगळ्या इतिहासातला हा सर्वांत निर्लज्ज प्रकार, कारण यात मारहाण नाही की दमदाटी नाही आणि पुरावा जवळजवळ उरतच नाही.

2012 मध्ये संसदेच्या समितीने पार्क होम क्षेत्रातले गैरप्रकार सर्रास असल्याचे म्हटले. इंग्लंडमध्ये अशी सुमारे 2,000 पार्क आणि 85,000 घरे होती. पुढच्याच वर्षी पीटर अल्डस या खासदाराचे खासगी विधेयक कायदा झाले. 26 मे 2013 पासून मालकाचा विक्रीवरचा नकाराधिकार गेला. जुन्या करारातल्या विक्रीला हरकत असेल तर त्याने 21 दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचे. नव्या करारांत तर त्याला विचारायचीही गरज नाही. खोटी माहिती देऊन विक्री हाणून पाडणेही गुन्ह्यात आले.

वेल्सने वेगळा कायदा केला. इंग्लंडमध्ये पार्क चालवणारी व्यक्ती 'लायक' आहे की नाही हे तपासण्याचा नियम 2021 मध्ये लागू झाला. 2023 मध्ये पिच फीच्या वाढीचा आधार आरपीआयऐवजी सहसा कमी असणारा सीपीआय हा महागाई निर्देशांक झाला. विक्रीवरच्या 10 टक्के कमिशनला मात्र यांपैकी कशानेच हात लावला नाही.